मेरी केलीचा शजरा

लंडन शहराच्या पूर्वेला लेटनस्टोन नावाची वस्ती आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथलिक कबरस्तानात १९ नोव्हेंबर १८८८ रोजी एका तरुण स्त्रीला दफन करण्यात आले. शवपेटीवर एक पट्टी होती आणि त्या पट्टीवर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. नाव मारी जानेट केली, मृत्यू ९ नोव्हेंबर १८८८, वय २५ वर्षे. या तीन गोष्टींपैकी खात्रीची म्हणावी अशी एकच आहे, ती म्हणजे मृत्यूची तारीख. नाव खरे होते काय आणि वय बरोबर होते काय, हे आज १३० हून अधिक वर्षे लोटल्यावरही कोणाला छातीठोकपणे सांगता आलेले नाही. जनाजा निघाला तेव्हा रस्त्यावर माणसांची तोबा गर्दी होती. पण त्या गर्दीत तिच्या रक्ताच्या नात्यातले एकही माणूस नव्हते. अंत्यविधीचा खर्चसुद्धा शोर्डिचच्या चर्चमधील सेवक हेन्री विल्टन याने आपल्या खिशातून केला.

ही स्त्री म्हणजे 'जॅक द रिपर' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याची पाचवी बळी. ऑगस्ट ते नोव्हेंबर १८८८ या काळात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आणि आसपास मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली अशा पाच स्त्रियांचे खून झाले. खुनी सापडला नाही. त्याच्यावर आजवर शेकडो पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, त्याच्या नावाने पर्यटकांना त्या गल्ल्यांतून फिरवण्याचा धंदाही उभा राहिला. खुनी कोण, हा प्रश्न सर्वांनी विचारला. मेलेली बाई कोण, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. या लेखात मी तो दुसरा प्रश्न घेतला आहे. कारण त्याचे उत्तर शोधण्याची रीत आपल्या ओळखीची आहे आणि त्यातून निघणारा धडाही आपल्या उपयोगाचा आहे.

प्रथम घटना थोडक्यात सांगतो. स्पिटलफील्ड्स भागात डॉर्सेट स्ट्रीट नावाची अतिशय गरीब गल्ली होती. तिच्या आतल्या बाजूला मिलर्स कोर्ट नावाचे बोळ होते. तिथल्या १३ क्रमांकाच्या एका खोलीत मेरी राहत असे. भाडे आठवड्याला साडेचार शिलिंग होते आणि २९ शिलिंग थकले होते. ९ नोव्हेंबरच्या सकाळी घरमालक जॉन मॅकार्थी याने आपला माणूस थॉमस बोयर याला भाडे मागायला पाठवले. दार उघडेना म्हणून त्याने फुटक्या खिडकीतून आत पाहिले आणि तो हादरून परत फिरला. आत जे होते त्याचे वर्णन इथे करण्याची गरज नाही. चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेला होता एवढे सांगितले तरी पुरे. तिच्याबरोबर पूर्वी राहणारा जोसेफ बार्नेट याने केवळ डोळे आणि कान किंवा केस पाहून 'ही तीच' असे सांगितले. १२ नोव्हेंबरला न्यायाधिकारी रॉडरिक मॅकडोनाल्ड यांच्यापुढे चौकशी झाली आणि त्याच दिवशी ती आटोपलीही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मेरी केलीच्या पूर्वायुष्याची जी हकीकत जगाला माहीत आहे ती जवळजवळ सगळी या एका बार्नेटच्या तोंडून आलेली आहे. बार्नेट बिलिंग्जगेटच्या मासळी बाजारात हमाली करणारा माणूस. ८ एप्रिल १८८७ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांची भेट झाली आणि सुमारे दीड वर्ष ते एकत्र राहिले. ३० ऑक्टोबर १८८८ रोजी भांडण होऊन तो वेगळा झाला होता. चौकशीत त्याने सांगितले की मेरीचा जन्म आयर्लंडमधील लिमरिकचा. लहानपणीच घरची मंडळी वेल्समध्ये गेली. बापाचे नाव जॉन केली, तो लोखंडाच्या कारखान्यात मुकादम होता. सहा-सात भाऊ आणि एक बहीण. एक भाऊ स्कॉट्स गार्ड्स पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये शिपाई. वयाच्या सोळाव्या वर्षी तिचे डेव्हिस किंवा डेव्हीज नावाच्या कोळसा खाणीतील कामगाराशी लग्न झाले. दोन-तीन वर्षांत तो खाणीतील स्फोटात मेला. मग ती कार्डिफला एका चुलत बहिणीकडे गेली आणि वाईट मार्गाला लागली. १८८४ च्या सुमारास लंडनला आली. एका सद्गृहस्थाबरोबर फ्रान्सला गेली, पण तिथे मन रमले नाही म्हणून परतली. आणि तेव्हापासून मेरी जेनचे 'मारी जानेट' झाले असावे.

आपल्याकडे हदीसशास्त्राचा थोडाफार परिचय असणाऱ्या वाचकाला इथे लगेच प्रश्न पडेल की रावी कोण आणि सनद काय. आपल्या मुहद्दिसांनी एखादी रिवायत समोर आली की प्रथम सांगणाऱ्यांची साखळी तपासली. कोणी कोणाकडून ऐकले, त्यांची गाठ पडली होती काय, माणूस सचोटीचा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे सगळे पाहिले. त्यासाठी 'अस्मा-उर-रिजाल' नावाचे चरित्रकोशांचे एक अख्खे शास्त्र उभे राहिले. एकाच वाटेने आलेल्या खबरीला त्यांनी 'खबर-ए-वाहिद' म्हटले आणि अनेक स्वतंत्र वाटांनी आलेल्या खबरीहून तिचा दर्जा खालचा ठेवला. खबर खोटीच असते असे त्यांचे म्हणणे नव्हते. तिच्यावर किती भार टाकायचा एवढाच प्रश्न होता.

या कसोटीवर मेरी केलीची हकीकत घासून पाहा. बार्नेट खोटे बोलत होता असे मानायला काही आधार नाही. रावी सच्चा असेल. पण त्याने यातले काहीही डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्याने ते मेरीकडून ऐकले होते. म्हणजे साखळीच्या दुसऱ्या टोकाला स्वतः मेरी आहे, आणि लंडनच्या त्या गल्लीत जगणाऱ्या बाईला आपले खरे नाव-गाव लपवण्याची हजार कारणे असू शकतात. घरच्यांची अब्रू, आधीचा नवरा, एखादे कर्ज, एखादा मागे लागलेला माणूस. सांगणारा प्रामाणिक असला तरी सांगितलेली गोष्ट खरी असेलच असे नाही.

दुसऱ्या वाटांनी आलेल्या खबरी पाहिल्या तर गुंता सुटत नाही, वाढतो. घरमालक मॅकार्थी म्हणे की तिला आयर्लंडहून आईची पत्रे येत. दुसऱ्या एका ओळखीच्या बाईने वर्तमानपत्रवाल्यांना सांगितले की ती वेल्सची होती, आईबाप कार्डिफला राहत आणि त्यांनी तिला टाकून दिले होते. कोणी म्हणे ती चांगली शिकलेली होती, चित्रे उत्तम काढी. बापाचा कारखाना कार्नार्व्हन परगण्यात होता की कार्मार्थन परगण्यात, याबद्दलही नोंदींत एकवाक्यता नाही. एक परगणा वेल्सच्या उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. मृत्यूच्या दाखल्यावर 'मारी जानेट केली ऊर्फ डेव्हीज' असे लिहिले गेले, तेही बार्नेटच्या सांगण्यावरूनच. म्हणजे सरकारी कागद झाला म्हणून तो दुसरा पुरावा झाला असे नव्हे. त्याच एका रावीचे म्हणणे शिक्का मारून पुन्हा आपल्यासमोर आले, इतकेच.

इथून पुढे वंशावळ शोधणाऱ्यांचे काम सुरू होते. त्यांची रीत साधी आहे. हकीकतीतले एकेक वाक्य सुटे करायचे आणि त्याच्यासमोर त्या काळचे रजिस्टर उघडून ठेवायचे. जन्म झाला असेल तर बाप्तिस्म्याची नोंद हवी. लग्न झाले असेल तर लग्नाची नोंद हवी. नवरा खाणीत मेला असेल तर मृतांच्या यादीत नाव हवे. भाऊ पलटणीत असेल तर पगारपत्रकात त्याची सही किंवा हजेरी हवी. दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीत कुटुंब कुठेतरी दिसायला हवे.

या रीतीने काय साधते ते पाहायचे असेल तर तिसरी बळी एलिझाबेथ स्ट्राइड हिचे उदाहरण घ्यावे. ती लोकांना सांगत असे की ३ सप्टेंबर १८७८ रोजी टेम्स नदीत 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही आगबोट बुडाली त्यात माझा नवरा आणि दोन मुले गेली. त्या अपघातात सहाशेहून अधिक माणसे मेली होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला संशय येण्याचे कारण नव्हते. पण नोंदी पाहिल्या तेव्हा दिसले की नवरा जॉन स्ट्राइड १८८४ साली वारला, म्हणजे अपघातानंतर सहा वर्षांनी. दुसरीकडे, ती स्वीडनची आहे हे तिचे म्हणणे मात्र खरे ठरले. गोटेनबर्गजवळच्या तोर्सलांडा गावच्या चर्चच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १८४३ रोजी जन्मलेली एलिझाबेथ गुस्ताफ्सडोटर सापडली. एकाच बाईची एक गोष्ट खोटी निघाली आणि दुसरी खरी. कागद नसता तर दोन्ही गोष्टी सारख्याच वाटल्या असत्या.

स्ट्राइडच्या चौकशीत आणखी एक प्रकार घडला. मेरी माल्कम नावाच्या बाईने शपथेवर सांगितले की ही माझी बहीण एलिझाबेथ वॉट्स आहे. पायावरची साप चावल्याची खूणही तिने सांगितली. वर्तमानपत्रांनी ते छापले. आणि काही दिवसांनी ती बहीण जिवंत न्यायाधिकाऱ्यापुढे येऊन उभी राहिली! सख्ख्या बहिणीची शपथसुद्धा कशी घसरू शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

मग मेरी केली का सापडत नाही? याची कारणे त्या काळच्या दप्तरखान्यात आहेत. तिचे वय २५ धरले तर जन्म १८६३ च्या आसपासचा येतो. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने ती दाराबाहेर राहिली असावी. आयर्लंडच्या १८६१ आणि १८७१ च्या खानेसुमारीची मूळ कागदपत्रे पुढे सरकारनेच नष्ट केली. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला त्यात आणखी किती काय गेले याला गणती नाही. दुसरे कारण नावाचे. केली हे आयर्लंडमधील सर्वात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे. मेरी हे तर घरोघरीचे नाव. वेल्समध्ये डेव्हीज म्हणजे आपल्याकडे शेख म्हणावे तसे. मराठवाड्यात 'शेख यांची फातेमा' शोधायला निघालेल्या माणसाची जी गत होईल तीच यांची झाली. दक्षिण वेल्समध्ये खाणींचे स्फोटही काही एक-दोन नव्हते. १८७८ साली अ‍ॅबरकार्नला २६८ माणसे मेली, १८८० साली रिस्काला १२०. अभ्यासकांनी अशा याद्या चाळल्या, पलटणीची पत्रके चाळली, वेल्सच्या खानेसुमारीतील केली कुटुंबे चाळली. जवळपास जाणारी नावे मिळाली. पण सगळ्या खुणा एकत्र जुळतील आणि सर्वांना मान्य होईल असे कुटुंब काही हाती लागले नाही.

अशा रिकाम्या जागेचा एक धोका असतो. ती भरून काढण्याचा मोह होतो. २०१५ साली विन वेस्टन-डेव्हीज या निवृत्त शल्यविशारदांनी एक पुस्तक लिहून मांडले की मेरी केली म्हणजे आपली चुलत आजी एलिझाबेथ वेस्टन डेव्हीज, आणि तिचा खून तिच्या नवऱ्याने, फ्रान्सिस क्रेग या पत्रकाराने केला. कबर उघडून डीएनए तपासावा असाही विचार पुढे आला. तेव्हा लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांत टुरी किंग या होत्या, या शक्यतेचा अभ्यास केला आणि २०१७ साली आपले मत दिले. मत असे की मेरी केलीची नेमकी कबर कुठली हेच आता सांगता येत नाही. त्या कबरस्तानातील जमीन पुढे पुन्हा वापरात आली. आज जिथे तिच्या नावाचा दगड आहे तो खूप नंतर बसवलेला आहे. तिला शोधायचे तर शेकडो कबरी उघडाव्या लागतील, इतरांच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल, आणि एवढे करून हाती काही लागेल याची शाश्वती नाही. संशोधनाच्या नावाखाली इतर मुर्द्यांची विटंबना करू नये, हा विचार मला योग्य वाटतो.

याच टुरी किंग इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या हाडांच्या ओळखीच्या कामात होत्या. २०१२ साली लेस्टर शहरात एका मोटारतळाखाली तो सांगाडा सापडला. ओळख पटली ती आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएवरून. हा डीएनए फक्त आईच्या बाजूने चालतो. म्हणून राजाची बहीण अ‍ॅन, तिची मुलगी, मुलीची मुलगी, अशी बायकांची साखळी कागदोपत्री जुळवत आजच्या माणसापर्यंत यावे लागले. लक्षात घ्या, प्रयोगशाळा एकटी काही बोलत नाही. तुलना कोणाशी करायची हे आधी शजरा सांगतो. आणि इथे तर राजाची ओळख पटली ती बायकांच्या नावांमुळे. त्या खानदानाने मुलींची नावे लिहून ठेवली नसती तर राजा बेवारसच राहिला असता.

शजऱ्याच्या बाबतीत भोळेपणा नको, हे आपल्या इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच सांगून ठेवले आहे. 'मुकद्दिमा'मध्ये तो पिढ्यांची संख्या आणि लोटलेली वर्षे यांचा ताळा करून वंशावळी आणि इतिहासकारांचे आकडे तपासतो. मोठ्या घराण्याशी नाते जोडण्याची माणसाची हौसही तो जाणतो. आपल्याकडेही अशा हौशीच्या वंशावळी कमी नाहीत. सात पिढ्यांपूर्वीचे नाव थेट अरबस्तानात नेऊन पोहोचवायचे, आणि पणजीचे नाव विचारले तर डोके खाजवायचे!

आता आपल्या बाजूला येऊ. ज्या १८८८ सालात मेरी केलीचा खून झाला त्याच साली आपल्या हैदराबाद संस्थानातले एक जोडपे लंडनला गेले होते आणि व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात हजर झाले होते. संस्थानातील मोठे अधिकारी मेहदी हसन आणि त्यांची पत्नी एलन गर्ट्रूड डोनेली, आयरिश बापाची लखनौतील मुलगी. १८९२ साली हैदराबादेत एक निनावी पत्रक निघाले. त्यात लिहिले होते की या दोघांचे लग्न झालेलेच नाही आणि बाईचे पूर्वायुष्य बदनाम आहे. मेहदी हसन यांनी पत्रक छापल्याबद्दल एस. एम. मित्र यांच्यावर खटला भरला. महिनोन्महिने साक्षी झाल्या. एकाने शपथेवर एक सांगावे, दुसऱ्याने त्याच्या उलट. १८९३ साली मित्र निर्दोष सुटले आणि मेहदी हसन यांची नोकरी गेली. एका बाईची ओळख काय, हे ठरवण्यासाठी दरबारातले पुरुष एकमेकांशी लढले, पण त्या लढाईत बाई स्वतः कोण होती हे बाजूलाच राहिले. एक आयरिश मुलगी स्पिटलफील्ड्सच्या खोलीत मेली, दुसरी हैदराबादच्या हवेलीत राहिली. पण दोघींच्या नावावर दुसऱ्यांनीच आपला कलम चालवला.

व्हिक्टोरियाच्याच काळातले आणखी एक प्रकरण. १८५७ च्या जुलैअखेर २६ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे निःशस्त्र केलेले शिपाई लाहोरजवळच्या छावणीतून निसटले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने त्यांतल्या २८२ जणांना पकडून अजनाला येथे आणले. १ ऑगस्ट रोजी, त्या दिवशी बकरी ईद होती, २३७ जणांना गोळ्या घातल्या. उरलेले ४५ कोंडलेल्या बुरुजात गुदमरून मेले. सर्वांना एका विहिरीत टाकण्यात आले. ही सर्व हकीकत कूपरने स्वतःच्या पुस्तकात मोठ्या दिमाखाने लिहिली आहे. म्हणजे इथे मेरी केलीच्या उलट गोष्ट. मारणाऱ्याचे नाव ठाऊक, मरणाऱ्यांची नावे नाहीत. २०१४ साली ती विहीर उकरली तेव्हा माणसांची हाडे, दात आणि त्या काळची नाणी मिळाली. पंजाब विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी प्रयोगशाळा वगैरेंच्या शास्त्रज्ञांनी त्यावर काम केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांतील समस्थानिके तपासलेली आहेत. निष्कर्ष असा की ही माणसे पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली होती. ही हाडे फाळणीच्या दंगलीतील असावीत असाही एक तर्क होता, तो मागे पडला. दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांना निदान मुलूख मिळाला. नावे अजून मिळायची आहेत.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, लंडन झाले, अजनाला झाले, नांदेड-लातूरच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध रोजचा आहे. जातीचा दाखला आणि त्याची वैधता यांसाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार कुटुंबांना विचारा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा शोधा, खासरा पत्रक शोधा, वंशावळीचे शपथपत्र करा. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा सगळ्या मराठवाड्याला कळले की निजामकाळची दप्तरे उर्दूत आणि मोडीत आहेत आणि ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मराठा बांधवांच्या कुणबी नोंदी ज्या कागदांत शोधल्या गेल्या ते कागद आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील मुन्शींनी शिकस्ता लिपीत लिहिलेले आहेत. उर्दू शिकून पोट कुठे भरते, असे विचारणाऱ्यांनी याचाही विचार करावा. उर्दू ही आपल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्याची किल्ली आहे. ती किल्ली फक्त मुसलमानांच्या कामाची नाही.

आणि मेरी केलीचे वय ज्या प्रकारचे, तसली वये आपल्याकडे गावोगावी आहेत. मागच्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी पोराला शाळेत घेताना वयाचा अंदाज केला आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास तारीख टाकून दिली. पुढे त्या तारखेवर नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन सुरू झाले. कागद सरकारी, पण रावी एकटे गुरुजी. उद्या आपल्या वंशावळी शोधणाराने हे ध्यानात ठेवले नाही तर त्याला वाटेल की मराठवाड्यात जून महिन्याखेरीज मुले जन्मतच नव्हती!

बायकांचे हाल तर यापेक्षा वाईट. मतदार यादीत 'बी' लागते, आधार कार्डावर 'बेगम', रेशन कार्डावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. शेख की शेक, फातेमा की फातिमा, हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर. इस्लामी रिवाजात लग्नानंतर बाईने बापाचे नाव सोडण्याची गरज नाही. निकाहनाम्यावर तिचे आणि बापाचे नाव स्पष्ट लिहिले जाते. हा केवढा मोठा पुरावा आहे! पण किती घरांत आजीचा निकाहनामा जपून ठेवला आहे? आमच्याकडे तो पेटीच्या तळाशी वाळवीला दिलेला असतो.

मी नववीच्या वर्गाला इतिहासाच्या तासाला आपापला शजरा लिहून आणायला सांगितला. बापाच्या बाजूने बहुतेकांनी चार पिढ्या आणल्या, काहींनी पाच. आईच्या बाजूने नानीच्या पुढे गेलेली वही एकही नव्हती. कित्येकांनी तर दादीच्या रकान्यात 'दादी' असेच लिहून आणले होते. मुलांचा त्यात दोष नाही. घरात तिला त्याच नावाने हाक मारतात. पण ती बाई जग सोडून गेली की तिच्याबरोबर तिचे नावही जाते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात 'अनोळखी महिलेचा मृतदेह, वय अंदाजे' अशी चार ओळींची बातमी आपण रोज वाचतो. मेरी केलीची ओळख मेल्यावर हरवली असे आपण म्हणतो. खरे तर ती जिवंतपणीच कोणी लिहून ठेवली नव्हती.

२०१९ साली इंग्लंडच्या हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी या पाच स्त्रियांवर 'द फाइव्ह' हे पुस्तक लिहिले. खून कसा झाला याचे वर्णन त्यांनी जवळजवळ टाळले. या बाया कुठे जन्मल्या, कोणती कामे केली, कुठे भाड्याने राहिल्या, मुले किती झाली, दारूने आणि दारिद्र्याने त्यांना कसे खाली आणले, हे त्यांनी खानेसुमारी, चर्चची दप्तरे आणि गरिबांच्या आश्रमांची रजिस्टरे पाहून लिहिले. आणि दाखवले की या पाचही जणी वेश्या होत्या हा पोलिसांचा आणि वर्तमानपत्रांचा समज होता, त्यांतल्या तिघींबद्दल त्याला धड पुरावा नाही. या मताशी वाद घालणारेही आहेत. पण एवढे निश्चित की रजिस्टर उघडले तेव्हाच त्या बायांवरचा शिक्का थोडा पुसला गेला. मेरी केलीचे प्रकरण त्या पुस्तकातही बार्नेटच्या शब्दांच्या पलीकडे फारसे जाऊ शकत नाही. जिथे पुरावा थांबतो तिथे लेखकाने थांबावे, हीच तिच्याशी इमानदारी. तिला कोणाची तरी चुलत आजी करून टाकण्यापेक्षा तिला अनोळखी राहू देणे अधिक प्रामाणिक आहे.

सूरह अल-हुजुरातमध्ये कौमा आणि कबिले हे एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत असा आशय आला आहे. त्यात बडेजावाला जागा नाही. शजऱ्याचा उपयोगही तेवढाच. सय्यद की शेख हे सिद्ध करण्यासाठी तो नको. हे माणूस आपले होते, याला घर होते, आई होती, हे सांगता यावे म्हणून हवा. त्यासाठी लंडनच्या दप्तरखान्यात जायला नको. घरात ज्या वृद्ध स्त्रिया आहेत त्यांच्याजवळ या आठवड्यात बसा. त्यांचे नाव, त्यांच्या आईचे नाव, माहेरचे गाव, निकाहाचे साल आणि त्या वेळी गावात काय घडले होते, दुष्काळ की पूर की पोलीस अ‍ॅक्शन, हे एका वहीत लिहा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली घाला, म्हणजे पुढच्या माणसाला रावी कोण ते कळेल. वही दोन ठिकाणी ठेवा. आमच्या वर्गातील मुलांना मी पुढच्या सहामाहीत एवढेच काम दिले आहे, आणि 'दादी' या शब्दाला एकही गुण नाही असे फळ्यावर लिहून ठेवले आहे.